पुण्यात नवीन आहात? आधार देण्याआधी एकदा ‘कशाला?’ विचारा

जूनमध्ये माझा भाचा परभणीहून पुण्यात आला. राज्यसेवेची तयारी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने) जागा, शास्त्री रस्त्याला अभ्यासिका, कोपऱ्यावर मेस. पहिल्या रविवारी कर्वेनगरला माझ्याकडे जेवायला आला, तेव्हा सहज विचारलं, आठवड्यात आधारच्या किती झेरॉक्स दिल्यास? तो बोटांवर मोजायला लागला: कॉटमालक, एजंट, अभ्यासिका, क्लास, सिम कार्डाचं दुकान, जिम, मेस. सात.

‘मेसला आधार कशाला लागतं रे?’

‘मावशी, त्यांनी मागितलं.’

पोळी-भाजी खायला ओळखपत्र लागतं हे मला नवीन होतं. पण मुलाचा दोष नाही. गावाकडून आलेला माणूस नव्या शहरात आधी आपण चोर नाही हे सिद्ध करायला धावतो, आणि समोरचा मागेल तो कागद काढून देतो. पुणेकरांचा एक गुण मात्र इथे उपयोगाचा आहे. ज्या शहरात दारावर ‘बेल एकदाच वाजवावी’ असं लिहिलेलं असतं, तिथे ‘कशाला हवंय?’ हा प्रश्न कोणाला उद्धट वाटत नाही. तो विचारायला शिका. कुठे विचारायचा, कुठे न विचारता द्यायचं, आणि द्यायचंच तर काय द्यायचं, ते साधारण ज्या क्रमाने तुमच्यासमोर येईल त्या क्रमाने लिहिते.

गावीच उरकायची कामं

बस पकडण्याआधी तपासा: तुमच्या आधारला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? आमच्याकडे बहुतेक मुलांच्या आधारला वडिलांचा नंबर असतो. मग पुण्यात बसून दर ओटीपीला ‘बाबा, आलेला आकडा वाचा बरं’ सुरू होतं. यात खरी भानगड अशी की बाबांना फोनवर आकडा वाचून दाखवायची सवय लागते, आणि उद्या परक्याने विचारला तरी ते त्याच सुरात वाचून दाखवतात. तालुक्याच्या आधार केंद्रावर ७५ रुपयांत स्वतःचा नंबर जोडून घ्या.

दुसरं काम मास्क्ड आधारचं. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय निवडायचा. १२ पैकी पहिले ८ आकडे झाकले जातात, शेवटचे ४ तेवढे दिसतात. नाव, फोटो, पत्ता सगळं असतं, त्यामुळे ‘हा कोण’ एवढंच पाहायचं असेल तिथे हे पुरतं. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. तुमच्या वर्गातला कोणीही तो ओळखेल. पासवर्ड आहे म्हणून फाइल बिनधास्त पाठवायची नाही.

इथे एक जुनी गंमत सांगते. २७ मे २०२२ ला यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कोणाकडेही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड वापरा. दोनच दिवसांत, २९ मेला, केंद्र सरकारने ते मागे घेतलं. लोक चुकीचा अर्थ काढतील, नेहमीची सावधगिरी बाळगली की झालं, असं कारण दिलं. मी माझ्यापुरतं पहिलं पत्रक अजून लागू आहे असं धरून चालते.

तिसरं काम, बायोमेट्रिक लॉक. आधारच्या अॅपवर किंवा त्याच संकेतस्थळावर हे करता येतं. लॉक केलं की तुमच्या बोटांचे ठसे वापरून कोणाला व्यवहार करता येत नाही. अंगठा लावून बँकेतले पैसे काढायची सोय गावोगावच्या केंद्रांत असते, आणि खोट्या ठशांनी पैसे उचलल्याची प्रकरणं देशात झालेली आहेत. पण लॉक केल्याचं लक्षात ठेवा, कारण पुढच्याच टप्प्यावर ते काही वेळ उघडावं लागेल.

मास्क्ड आधारच्या दहा प्रती गावीच छापून घ्या. का, ते झेरॉक्सच्या दुकानापाशी सांगते.

जागा: इथे नीट लक्ष द्या

कॉट बेसिसला बहुधा करार नसतो. मालक किंवा मावशी वहीत नाव लिहितात, डिपॉझिट घेतात आणि झेरॉक्स मागतात. इथे मास्क्ड प्रत द्या, नाहीतर कॉलेजचं ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. प्रतीवर, फोटो झाकला जाणार नाही असं, आडवं लिहा: ‘फक्त खोलीसाठी, सदाशिव पेठ’ आणि तारीख. शाईच्या पेनने लिहा. त्याने गैरवापर थांबेलच असं नाही, पण त्याच कागदावर दुसरं काही काढायला गेलेल्याला निदान अडचण होते. मूळ कागद कोणाकडेही ठेवायचा नाही, ‘डिपॉझिटऐवजी मार्कशीट ठेव’ असं कोणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी.

फ्लॅट घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार होणार. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. ते महाराष्ट्रात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ सांगतं की असा करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे मालकाला गोड शब्दांत सांगा, नोंदणी लगेच होते.

ही नोंदणी आता घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. इथे आधार क्रमांक आणि अंगठा द्यावा लागतो, आणि इथे तो देणं योग्यच आहे, कारण समोर सरकारी नोंदणी आहे. अंगठा लावायच्या वेळीच बायोमेट्रिक उघडा, काम झालं की पुन्हा लॉक करा. अंगठा लावण्याआधी पडद्यावर नाव, भाडं, डिपॉझिट, तारखा स्वतः वाचा. ‘एकदा परत लावा, आलं नाही’ असं तीन-चारदा झालं तर पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तसं सांगितल्यावर कळलं की भाड्याच्या रकान्यात एक शून्य जास्त होतं. एजंटची लबाडी नव्हती, चष्मा घरी राहिला होता.

आणि एक: नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक २ (म्हणजे दस्ताचा गोषवारा) ही सार्वजनिक असते. तुमचं नाव कुठल्या पत्त्याशी जोडलं गेलं हे शोधणाऱ्याला दिसू शकतं. घरच्या त्रासापासून किंवा कोणा माणसापासून लांब येऊन राहत असाल, तर करार कोणाच्या नावावर करायचा याचा विचार आधी करा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची जबाबदारीही घरमालकाची. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज आहे, तो तुम्ही शेजारी बसून भरून घ्या, म्हणजे तुमचे कागद एजंटच्या व्हॉट्सअॅपवर फिरणार नाहीत. हिंजवडी, वाकडला राहणार असाल तर तो भाग २०१८ पासून वेगळ्या, पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तालयात येतो.

झेरॉक्सचं दुकान

अप्पा बळवंत चौकापासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा, भिंतीवर मोठ्या आकड्यांत नंबर लिहिलेला असतो: ‘फाइल यावर पाठवा’. दिवसभरात शेकडो आधार, पॅन, मार्कशीट, पासपोर्ट त्या एका फोनवर येऊन पडतात. दुकानदार सज्जन असेल. फोन मात्र दुकानातल्या चार पोरांच्या हातात असतो, आणि संध्याकाळी फाइली कोण पुसतं? कोणीच नाही. म्हणून घरून छापलेल्या दहा प्रती.

वेळ आलीच तर फाइल पाठवा, प्रिंट हातात पडताच तिथेच उभं राहून ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. डाउनलोड झालेली प्रत त्याने संगणकावरूनही काढावी असं सांगा. त्यांच्या संगणकावर स्वतःचं ईमेल किंवा व्हॉट्सअॅप उघडू नका. आधीच उघडून बसला असाल, तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन पाहा. भाच्याचं व्हॉट्सअॅप नारायण पेठेतल्या एका संगणकावर बारा दिवस चालू होतं.

‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ

थोडा कायदा, कारण खिडकीवर भांडायची वेळ आली तर एवढा पुरतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात योजना टिकली, प्राप्तिकराशी जोडणीही टिकली, पण आधार कायद्याच्या कलम ५७ मधली खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद गेली. मग २०१९ मध्ये दुरुस्ती आली आणि बँक खातं, सिम कार्ड यांसाठी आधार ‘ऐच्छिक’ झालं. तुमची मर्जी असेल तर द्या, नाहीतर दुसरं ओळखपत्र चालेल.

कागदावर ऐच्छिक. दुकानात मात्र पोरगा म्हणतो, ‘मॅडम, आधारने दोन मिनिटांत होतं, पासपोर्टने दोन दिवस.’ माझी सरकारी धोरणाबद्दलची मुख्य तक्रार हीच. सक्ती कुठेच लिहिलेली नसते, फक्त दुसऱ्या रांगेला खिडकी एकच असते आणि तिथला माणूस जेवायला गेलेला असतो. वेळ असेल तेव्हा मी दुसऱ्या रांगेत उभी राहते. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही राहाच असं म्हणणार नाही.

मुळात पुण्यात आलात म्हणून पुण्याचं सिम घ्यायची गरज नाही, गावचा नंबर चालतो. घेतलंच असेल तर महिनाभराने केंद्राच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर जाऊन तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते पाहा. महाराष्ट्रात एका माणसाला जास्तीत जास्त ९ घेता येतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ म्हणून कळवता येतं.

हीच सेवा अॅपच्या रूपात प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच भरून द्या, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी कंपन्यांना दिला होता. बाहेर आल्यावर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. मला सेवा आवडते, सक्ती नाही. संकेतस्थळावर तेच काम होतं आणि फोनमध्ये कोणी मुक्कामाला येत नाही.

बिलाच्या काउंटरवर

कपड्याचं दुकान असो की औषधाचं, ‘मोबाइल नंबर सांगा’ हे ‘या, बसा’च्या सुरात येतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट कळवलं की बिलासाठी नंबरचा आग्रह धरणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे सगळं काउंटरवर ऐकवायची गरज नसते. ‘नंबर नाही देत, बिल छापून द्या’ एवढं सपाट आवाजात म्हणायचं आणि पिशवी भरायला लागायचं. मुलगी कोणतातरी दहा आकडी नंबर घालते आणि बिल निघतं. यंत्रच अडून बसलं असं सांगितलं तर मॅनेजरला बोलवा. मॅनेजर लांबून येताना दिसला की यंत्र बहुधा सुधारतं.

मेस, जिम, अभ्यासिका: नाव आणि एक नंबर पुरे. अभ्यासिकेला रात्रीच्या सुरक्षेसाठी ओळख हवी असते, ते समजण्यासारखं आहे. मास्क्ड प्रत दाखवा, जमलं तर देऊ नका. दाखवणं आणि देणं यातला फरक लोक विसरतात.

गेट, कॅमेरे, मेट्रो, विमानतळ

मोठ्या सोसायटीत गेटवर अॅप असतं. तुमच्याकडे कोण, कधी आलं, याची नोंद त्यात राहते, आणि ती पाहण्याची मुभा कमिटीतल्या कोणाला आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. घर घेताना मालकाला नाही, सेक्रेटरींना विचारा. पाहुण्यांचा फोटो काढणं सक्तीचं आहे का, तेही विचारा. एकट्या राहणाऱ्या मुलींनी तर जरूर, कारण ‘तुमच्याकडे फार लोक येतात’ ही टोचणी अशाच नोंदीतून जन्माला येते.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं तुम्ही काही करू शकत नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कमध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला, त्यानंतर शहरात कॅमेऱ्यांची मागणी जोरात झाली, आणि ती करणारे आम्ही नागरिकच होतो. मलाही रात्री कॅमेरा असलेला चौक बरा वाटतो. चित्रण किती दिवस ठेवतात आणि कोण पाहतं हा प्रश्न मात्र त्यामुळे संपत नाही. त्याच्याकडे शेवटी येते.

मेट्रोत खिडकीवर किंवा यंत्रावर कागदी तिकीट मिळतं, त्याला नंबर लागत नाही. लोहगाव विमानतळावर ‘डिजियात्रा’साठी (चेहरा ओळखून आत सोडायची सोय) चेहरा नोंदवायला कोणी फोन मागितला तर ‘नको’ म्हणा. ती ऐच्छिक आहे, तिकीट आणि ओळखपत्र दाखवून जायची रांग वेगळी असते. मी त्या रांगेने जाते. घाईच्या दिवशी पश्चात्ताप होतो, हे कबूल.

फोन आला तर

पुण्यात येणाऱ्यांना दोन प्रकारचे सापळे हमखास भेटतात. एक, व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी, फाइल. गाडी नवीन, रस्ते अनोळखी, एकेरी वाहतुकीत चुकलोच असू या धाकाने माणूस दाबतो. फाइल बसली की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, दुसरीकडे जायला लागतात. खरं चलन पाहायचं तर सरकारी ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर स्वतः टाका. गॅस तोडू, वीज कापू, ‘आज रात्री साडेनऊला’ हे संदेश त्याच घराण्यातले.

दुसरा ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे बोर्ड, ‘तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय’. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. कॉल कापा आणि कोणालातरी मोठ्याने सांगा. हे लोक सगळ्यात आधी ‘कोणाला सांगू नका’ म्हणतात. शिकलेल्यांनाच हे होतं, कारण शिकलेला माणूस कागदाला जास्त घाबरतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. तासाभरात केलेली तक्रार आणि दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार यात पैसे अडवण्याची शक्यता पार बदलते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी नोंद करून बँकेला त्याचा क्रमांक कळवा.

उलट प्रश्न विचारायचा कसा

जिम सोडली, क्लास संपला. आता तुमचा फोटो आणि नंबर तिथे कशाला? २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोपर्यंत दंडाची धमकी चालणार नाही, पण मागणी आजही करता येते. भाच्याने जिमला पाठवलेला ईमेल असा होता: ‘मी ३१ तारखेला सदस्यत्व सोडलं आहे. माझा आधारचा फोटो, मोबाइल नंबर आणि चेहऱ्याची नोंद काढून टाकावी आणि काढल्याचं कळवावं.’ सहाव्या दिवशी ‘डन’ असं एका शब्दाचं उत्तर आलं. एक लक्षात घ्या, हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. मेसवाल्याच्या खिळ्याला टोचलेली झेरॉक्स त्यात बसत नाही. ती स्वतः जाऊन मागून आणावी लागते. भाच्याने आणली. तिच्या मागच्या बाजूला कोणीतरी दुधाचा हिशोब केला होता.

याच कायद्याने माहिती अधिकारालाही हात घातला, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही. आधी वैयक्तिक माहिती नाकारतानाही त्या कलमातच व्यापक जनहिताचा अपवाद होता. दुरुस्तीने तो कलमातून काढला, आता कायद्यातल्या दुसऱ्या एका सर्वसाधारण कलमावर विसंबावं लागतं. खासगीपणा आमचा, आणि त्याच्या नावाने कुलूप सरकारी कपाटाला, असं व्हायची भीती आहे.

तरी माहिती अधिकाराचा अर्ज करायला शिकाच. १२ ऑक्टोबर २००५ ला माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला तेव्हा देशातला पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात पडला, असं सांगितलं जातं. राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर किंवा साध्या कागदावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तो करता येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘का’ विचारू नका, ‘प्रत द्या’ म्हणा. ‘आमच्या चौकात कॅमेरे का लावले?’ याला उत्तर येत नाही. ‘चित्रण किती दिवस साठवायचं यासंबंधीच्या आदेशाची प्रत द्यावी’ याला ३० दिवसांत काहीतरी यावंच लागतं. सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं तरी नाकारल्याचं पत्र हाती पडतं, आणि पहिलं अपील त्यावरच करायचं असतं.

अर्जात पत्ता द्यावा लागतो, आणि इथे मी नवख्यांना थांबवते. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडेत माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमिनीचा, बिल्डरचा विषय असेल तर घरचा पत्ता लिहू नका. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निकालानंतर केंद्रानेही कळवलेलं आहे की टपाल कार्यालयातला पोस्ट बॉक्स क्रमांक पत्ता म्हणून चालतो.

अर्ज न करता फाइल पाहायचीही एक वाट निघाली होती. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली पाहू देण्याची प्रथा सुरू केली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांनाही लावली. ती अजून चालू आहे का, हे खात्यात आधी फोन करून विचारा, नाहीतर फाइल ‘साहेबांच्या टेबलावर’ असते. वहीत नाव आणि विषय लिहावा लागतो, तिथेही आधार मागितलं तर कशाला ते विचाराच. पेन आपलं न्या. तिथलं दोरीला बांधलेलं असतं आणि उमटत नाही.